चांदीचं तस्त आणि पायरीवरची बालदी

भांड्यांनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. वसईकडच्या एका चर्चच्या कपाटात चांदीचं तस्त राहायचं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी फादर त्या तस्तात बाराजणांचे पाय धुवायचे. बाराहीजण घरूनच पाय घासून, वर अत्तर लावून यायचे! मग वर्षभर तस्ताचा उपदेश चाले. बाहेर पायरीवरच्या चेपलेल्या बालदीत येणारेजाणारे चिखलाचे पाय धुवत. तिला तस्त म्हणे, "सेवा काय असते ते मला विचार. बाराजणांचे पाय धुऊनही माझं पाणी नितळ! तू मेली सदा गढूळ."

एका वर्षी बारावा माणूस आजारी पडला. फादरांनी केळीच्या वाडीला पाणी लावणाऱ्या बस्त्यावला बोलावलं. तो बिचारा चिखलाच्या पायांनी तसाच धावत आला.

तस्त किंचाळलं, "अरे, आधी पाय धुऊन ये!"

फादर उठले, बस्त्यावला पायरीवर घेऊन गेले आणि बालदीशेजारी त्यांनी गुडघे टेकले.

आत अकराजण अत्तराचे पाय घेऊन ताटकळले. तस्त त्यांना म्हणालं, "पाहिलंत? शेवटी माझंच पाणी नितळ राहिलं."