पालिकेच्या दारातले पाळकबाबा

"पण बाबा, येशू कधी नगरपालिकेच्या दारात धरणं धरून बसला होता का?"

अमोघ रणनवरे उभ्यानंच बोलत होता. आज तो मुद्दाम पाळकाचा पांढरा झगा घालून आला होता. मातीला लागू नये म्हणून एका हातानं तो वर धरला होता.

म्हातारे रेव्हरंड हिवाळे सतरंजीवर बसले होते. भोवती वैदूवाडीच्या बायका, जवळ रिकाम्या घागरी. वाडीचा एकुलता एक नळ पालिकेनं तोडला, तेव्हापासून बाबांचा मुक्काम इथंच.

"नाही रे. त्यानं तर देवळात जाऊन सराफांचे चौरंग उलथले. माझ्यानं आता ते होत नाही. म्हणून नुसता बसतो."

बायका खुदकन हसल्या.

अमोघला राग आला, पण धड रागावताही येईना. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात तो तापानं फणफणला की उशाशी हाच माणूस बसलेला असायचा. त्याला उपदेश करायला शिकवलं तेही यांनीच. आता बाबा निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी अमोघ पाळक होता, आणि चर्चच्या मंडळीच्या पंचांनी बाबांना समजवायला त्यालाच धाडलं होतं.

"राजकारण आपलं काम नाही, बाबा. नगराध्यक्षांनी चर्चच्या कुंपणभिंतीला परवानगी दिलीय. ते बिथरले तर..."

"भिंत कशाला?"

"बाहेरचे लोक आत येतात."



बाबांचे डोळे हसले.

"ऊन लागतंय तुला. डोक्याला रुमाल बांध."

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदार भला माणूस होता. वाकून म्हणाला, "पाळकबाबा, तुम्ही घरी जा. बाकीच्यांना न्यावं लागेल. वरून हुकूम आहे."

बाबांनी अमोघपुढं हात केला.

"उठव रे. गुडघे धरलेत."

अमोघचा जीव भांड्यात पडला. त्यानं त्यांना अलगद उठवलं. बाबांनी धोतर झटकलं, चार पावलं चालले, आणि सगळ्यांच्या आधी पोलिसांच्या गाडीत चढले.



मागोमाग एक एक बाई चढली. शेवटी वाडीची थकलेली आजी. तिला पायरी चढवेना. तिनं काही न विचारता अमोघच्या खांद्यावर भार टाकला. त्याला वर धरलेला झगा सोडून तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं. तिच्याबरोबर तोही वर गेला. ती त्याचा हात सोडेना.

दार लागलं. गाडी हलली.

झग्याला माती लागली होती. समोर बाबा घाम पुसत होते.

"बाबा..." अमोघचा आवाज बारीक झाला. "रविवारी मंडळीला काय सांगू?"

"रविवार अजून लांब आहे, लेकरा. आजीला जरा खिडकीशी बसू दे."