सहीच्या आधी

"आणि एवढं होऊनही मी गप्प बसू, बुवा?"

हेमलताबाई सानपांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. मठाच्या ओट्याखाली उभं राहूनच त्या बोलत होत्या. आवाज असा, की उन्हाला पसरलेलं मांजर उठून निघून गेलं.

केरोबुवा शेंगा सोलत होते.

"चपला काढ, वर ये, मग चीड," ते म्हणाले.

हेमलताबाई सिन्नरच्या विडी कामगार वसाहतीतल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बुवांकडे अकरा वर्षं येत होत्या. वसाहतीत त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ओट्यावर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मोबाइलवर इंग्रजी शिकवणारं एक ॲप होतं. वसाहतीतल्या बायकांनी ते घेतलं. महिनाभर फुकट सदस्यत्व. ओळख पटवायला म्हणून एक रुपया घेतला, पिन टाकायला लावला. महिना सरला आणि न विचारता प्रत्येकीच्या खात्यातून सहाशे रुपये गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. सदस्यत्व बंद करायचं बटण सापडत नाही. फोन लावला तर यंत्र बोलतं. नरसाबाई येमुलच्या खात्यात तर काहीच उरलं नाही. नवऱ्याचा दम्याचा पंप आणता आला नाही. चार दिवस तो माणूस भिंतीला टेकून नुसता श्वास ओढत होता.

"हा दरोडा आहे, बुवा! सरळसरळ दरोडा!"

"आहेच," बुवा म्हणाले.

इतक्या लवकर होकार येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून कागद काढला. ग्राहक मंचाकडे करायची तक्रार होती. खाली त्रेसष्ट बायकांच्या सह्या.

"सगळ्यांच्या वर तुमची सही हवी. तुमचं नाव असलं की वजन पडेल."

बुवांनी कागद घेतला नाही.

"वाच."

बाई वर्गातल्या आवाजात वाचू लागल्या. "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला, सदर कंपनीची जाहिरात पाहून सदस्य झालो..."

"थांब. जाहिरात कुठे पाहिली त्यांनी?"

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "पालकसभेत. पण तसं लिहिलं तर उगाच शाळेचं नाव येतं."

"तू अटी वाचल्या होत्यास?"

"कोण वाचतं, बुवा? चाळीस पानं असतात! मुंगीएवढी अक्षरं! कुणी वाचू नये म्हणूनच तशी लिहितात ते!"

"खरं आहे. हलकट लोक आहेत." बुवांनी आणखी एक शेंग फोडली. "मग तू काय केलंस?"

"मान्य आहे म्हणून बटण दाबलं. त्यांनाही दाबायला सांगितलं."

"त्यांनी का दाबलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"आणि या सह्या? या वाचून केल्या त्यांनी?"

काल शाळेच्या व्हरांड्यात त्रेसष्ट जणी रांगेनं आल्या होत्या. कुणाच्या बोटांना तंबाखूचा वास, कुणाला घरी जायची घाई. 'इथे सही करा, बाकीचं मी बघते,' असं बाई प्रत्येकीला म्हणाल्या होत्या.

"म्हणजे चोर राहिले बाजूला आणि गुन्हेगार मी?" त्या उसळल्या.

"तसं मी म्हटलं का?"

"मग तक्रार करू नको?"

"कर की. सोडू नकोस त्यांना."

आता बुवांनी हात पुढे केला. कागद घेतला, मांडीवर पसरला, त्यावर शेंगांची टरफलं ओतली, नीट पुडी बांधली आणि बाईंच्या हातात दिली.

"जाताना उकिरड्यावर टाक."

हेमलताबाई नमस्कार न करताच निघाल्या.

दोन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसल्या. पहिलं वाक्य लिहायला तासभर लागला: 'मी, हेमलता सानप, अटी न वाचता या महिलांना सदस्य व्हायला सांगितले.'

बायकांना पुन्हा बोलावलं. एकेकीचा फोन हातात घेऊन आपोआप पैसे कापण्याची परवानगी आधी बंद केली. मग तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. स्वतःच्या नावापाशी थांबल्या. मागून एक जण म्हणाली, "वाचा बाई, पुढे."

आठवड्यानं त्या मठात आल्या, त्या पुन्हा संतापलेल्याच.

"बासष्ट सह्या झाल्या, बुवा. नरसाबाई करत नाही! जिच्यासाठी एवढं सगळं केलं, तीच! सगळ्यांपुढे माझी चूक कबूल केली, अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. तर म्हणते, 'बाई, तुमच्यावर राग नाही माझा. पण कागद घरी नेते. चौथी शिकलेय, अक्षरं लावून वाचीन.' तीन दिवस झाले, अजून वाचतेच आहे! काल निरोप पाठवला, 'प्रतिवादी' म्हणजे कोण ते आधी सांगा म्हणून. सगळी तक्रार तिच्यापायी अडलीय. माझ्यावर एवढाही विश्वास नसावा तिचा?"

बुवा उठले.

गुडघे गेल्यापासून ते कुणासाठी उठत नसत. भिंत धरून उभे राहिले, वसाहतीच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले.

मग बाईंकडे वळले.

"हेमा, आता इकडे येत जाऊ नकोस. त्या बाईकडे जाऊन बसत जा."