बुडती वाटी

एका राज्यात राजा नव्हता. पूर्वी होता, तो मांत्रिक. प्रजेनं त्याला हाकललं, तेव्हा जाताना तो सिंहासनात आपला आवाज ठेवून गेला.

मग प्रजा आपल्यातूनच मुख्य निवडू लागली. मुदत एका वाटीची. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती बरोबर वर्षानं बुडे. बुडाली की मुख्यानं उठायचं.

तीन मुख्य झाले, तिघांच्या तीन तऱ्हा. पहिला हुकूम सोडी. दुसरा सगळ्यांना विचारी. तिसरा, धोंडोबा कोष्टी, सगळ्यांचं ओझं स्वतःच वाही. तिघेही भले. पण तिघांनीही "एवढं काम होऊ दे" म्हणत बुडती वाटी उचलून धरली. त्याच क्षणी त्यांच्या तोंडून राजा हसला, आणि ते पाषाण झाले. लोकांनी त्यांना दरबारात ओळीनं मांडलं.

चौथी निवडली धोंडोबाची लेक, गोजरा.

सिंहासनावर कोरलेली साळुंकी म्हणाली, "बाई, इथं बसलेलं कुणी उठलं नाही."

"मी उठले, तर आबा सुटतील?"

"तिघेही सुटतील. नाहीतर चौथा दगड तू."

गोजरा बसली. पूर आला, तेव्हा तिनं हुकूम सोडला. दोन गावं पाण्यावरून भांडली, तेव्हा तिनं दोघांना विचारलं. नदीवर पूल हवा होता, तेव्हा स्वतः दगड वाहिले. एक कमान उरली, आणि वाटी काठोकाठ भरली.

"गोजराबाई, तुम्हीच राहा!" लोक रडू लागले.

दगडी धोंडोबाचे ओठ हलले. "पोरी, वाटी धर. एकच दिवस. उद्या कमान बांध, मलाही घरी ने."

गोजराचा हात पाण्याकडे गेला. घशात परकी जीभ वळवळली. मग ती दचकली. आबांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"तू माझा बाप नव्हेस," ती म्हणाली आणि सिंहासनावरून उठली.

वाटी बुडाली. सिंहासनातून एक लांब सुस्कारा निघाला आणि विरला. तिन्ही दगडांना घाम फुटला.

धोंडोबा डोळे चोळत खिडकीशी गेला. "अगं, पूल अर्धवटच की!"

"करील कुणीतरी, आबा. चला."

कमान पाचव्या मुख्यानं बांधली. जरा वाकडी झाली, पण त्या राज्यातली माणसं आजही तिच्यावरूनच ये-जा करतात.