पुढचा टायर आणि मागचा टायर

टायर एकमेकांशी बोलत असत त्या काळी, कोकणात निघालेल्या एका सायकलचा मागचा टायर सारखा पंक्चर व्हायचा.

"जरा बघून चालावं," पुढचा टायर सांगे. "मला कधी काही लागलंय का?"

"दादा, आडवे पडलेले खिळे तुमच्या धक्क्याने उभे होतात आणि मला लागतात," मागचा बिचकतच म्हणाला.

"हो का? म्हणजे चूक माझीच."

सायकलवाली मैथिली वैतागली. तिने टायरांची अदलाबदल केली. "आता या दोघांतला जो पंक्चर होईल, तो फेकून देणार."

घाट उतरायच्या आतच दादा बसले. पुढच्या गावात त्यांच्या जागी कोराकरकरीत टायर आला.

पुढे आलेला भित्रा टायर जीव मुठीत धरून धावत राहिला. त्याला काहीच लागलं नाही. समुद्र दिसेपर्यंत त्याची खात्री पटली, की हे सगळं आपण बघून चालतो म्हणून. नव्या टायरला मात्र वाटेत दोनदा ठिगळ लागलं. बिचाऱ्याचं लक्षच नसतं.