खैरपाडळचा कोरा दगड

चपला काढून या मंडळी, आणि शेंदूर कुठंय म्हणून विचारू नका. नदीकाठचे हे पाच दगड देव नव्हेत, माणसं आहेत. चारांवर ढाल-तलवार कोरलीय. पाचवा कोराच आहे.

असं सांगतात की, पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांशी लढाई झाली, तीत खैरपाडळचे पाच गडी पडले. गोजाई म्हातारीचा एकुलता एक रायाजी त्यांतच. हैबती गाडीवानानं भंडारा उचलून तिला शब्द दिला, "गोजाकाकू, रायाजीला घरी आणीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही." तिनं लेकाला गुंडाळायला घोंगडी दिली.

हैबती रणावर पोचला तो तिसऱ्या दिवशी. तोवर कोल्ह्या-गिधाडांनी आपलं काम उरकलं होतं. चौघं सापडले, रायाजी काही केल्या सापडेना. दिवसभर प्रेतं उलथीपालथी करून त्याचे हात सोलवटले म्हणे. मोकळ्या हातानं काकूसमोर उभं राहायची छाती होईना. अखेर चेहरा गेलेला एक परका गडी त्यानं उचलला आणि गोजाईच्या घोंगडीत गुंडाळला.

गाडी गावात येताच बायकांनी हंबरडा फोडला. गोजाई रडली नाही. तिनं घोंगडी पायाकडून उचलली. रायाजीच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणीच कुऱ्हाडीनं तुटलेली, साऱ्या गावाला ठाऊक, आणि हैबती नेमका तेवढंच विसरला! ह्या पायाला पाचही बोटं होती.

म्हातारीनं पाय झाकले. म्हणाली, "माझाच आहे. उचला."

चिता पेटल्यावर हैबतीला राहवेना. तो तिच्यापुढं कोसळला. "काकू, फसवलं गं तुला."

"गप बस मेल्या, मला डोळे नाहीत होय? माझा तिकडं कुणाच्या तरी बांधावर पडलाय. ह्याला मी नाही म्हटलं, तर त्याला कोण हो म्हणंल?"

एवढं बोलली आणि मग जी रडायला लागली, ती कुणाला आवरेना.

तो परका गडी कुठला, कुणाकडून लढला, कळलंच नाही; म्हणून त्याचा दगड कोरा. आजही खैरपाडळात बेवारस प्रेत आलं, की गावातली सर्वांत वडील बाई त्याला आपलं म्हणते, मगच गडी खांदा देतात. गेल्या साली घाटात ट्रक कोसळला. ड्रायव्हर कुठला, कोण, काही कळेना. महिना झाला तरी कुणी न्यायला येईना. शेवटी सरूआजी ठाण्यात गेल्या. हवालदारानं कागद पुढं ओढून विचारलं, "आजी, नातं काय लिहू?"

आजी म्हणाल्या, "आई लिही."