चिंगवानच्या चौकातली कबुली

चीनच्या हूनान प्रांतात, डोंगराच्या कुशीत, चिंगवान नावाचं गाव आहे. तिथे चौकात, चहाच्या भट्टीसमोर, एक सपाट दगड आहे. चहा विकत घ्यायला कितीही बडा माणूस येवो, आधी त्याला या दगडावर उभं करतात. का, ते गावातले वयोवृद्ध फंगआजोबा पाहुण्यांना सांगतात, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज चढतो.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, ग्वेइलान नावाची विधवा ही भट्टी सांभाळायची. आंबवलेल्या चहाच्या विटा थापून तिथे मुरत ठेवायच्या. महिनाभर ऊब कमी होऊ द्यायची नाही, वाढूही द्यायची नाही. सगळं जमून आलं तर विटेच्या पोटात पिवळे दाणे धरायचे. गाव त्यांना सोनफुलं म्हणे. या विटा देऊनच गावाला वर्षाचं मीठ आणि धान्य मिळायचं.

त्या वर्षी बादशहाकडे जाणारा चहा तपासायला लू नावाचा सरकारी तपासनीस आला. त्याने वीट फोडली, दाणे पाहिले आणि ओरडला, "बुरशी! बादशहाला कुजका चहा पाजता?"

ग्वेइलान विनवत राहिली, "सरकार, हीच तर त्याची चव. एक घोट घेऊन बघा."

त्याने घोट घेतला नाही. भर चौकात तिला बांबूचे दहा फटके मारवले आणि नदीत फेकतो म्हणून सगळ्या विटा नेल्या. गावाने तो हिवाळा अळणी कंदांवर काढला. शेजारणी तिला पाहून वाट बदलू लागल्या. पाठीवरचे वळ विरले, पण 'कुजका' हा शब्द काही तिच्या मनातून जाईना.

वसंतात एका नावाड्याने बातमी आणली. विटा नदीत पडल्याच नव्हत्या. त्यानेच त्या लूच्या कोठारात उतरवल्या होत्या, आणि लू आता तोच चहा स्वतःचा म्हणून सुभेदाराला पाजणार होता.

नावाड्याला घेऊन ग्वेइलान चार दिवस चालली आणि थेट दरबारात शिरली. सुभेदार चहाची तारीफच करत होता आणि शेजारी उभा लू मान डोलवत होता.

"सरकार, ह्यांना विचारा, फुलं धरायला विस्तव कसा ठेवतात?"

"चांगला रसरशीत," लू म्हणाला.

"रसरशीत विस्तवात फुलं करपून जातात!" ग्वेइलान म्हणाली. "कुजका होता तेव्हा फटके मला. सोन्याचा निघाला तर चहा ह्यांचा?"

नावाड्याने साक्ष दिली. सुभेदाराने विटा परत करायचा हुकूम दिला आणि तिला रेशमाचे तागे देऊ केले. तिने त्यांना हात लावला नाही. "मला मारलं त्याच चौकात ह्यांनी खरं बोलावं," एवढंच ती म्हणाली.

लूला आणून दगडावर उभं केलं. मान खाली घालून तो पुटपुटला, "चहा कुजका नव्हता."

"ऐकू आलं नाही," ग्वेइलान म्हणाली.

तो पुन्हा बोलला. तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणे त्याचा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. तेव्हा कुठे तिने फटक्यांच्या दिवसापासून बंद असलेलं भट्टीचं दार उघडलं.

आजही खरेदीदार त्या दगडावर उभा राहून पहिला घोट घेतो आणि चहा कसा आहे ते सगळ्यांसमोर सांगतो. आवाज जरा दबका निघाला, की भट्टीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर येतात आणि एका सुरात म्हणतात, "ऐकू आलं नाही!"