महाराजांच्या मापाचे दार

गणपतीचा उंदीर दिसेना, तेव्हाच गोजराने ओळखले, काहीतरी चुकले.

तिच्या बापाने, बाळोबा सुताराने, नवे सागवानी दार गाडीतून उतरवून नुकतेच महालाच्या चौकटीपुढे उभे केले होते. चौकटीच्या माथ्यावर गणपती कोरलेला, त्याच्या पायाशी उंदीर. जुने दार वाळवीने खाऊन संपवले, पण त्याने उंदराला कधी झाकले नव्हते. नव्या दाराने मात्र तो शेपटीसकट गिळला!

"बाबा, दार मोठं झालंय!"

"काहीतरीच! दफ्तरात लिहिलंय तेवढंच केलंय. पाच हात उंच, अडीच हात रुंद."

"पण हात कुणाचा?"

बाळोबाच्या मुठीतला हातोडा फरशीवर आदळला आणि गोजरा टुणकन उडाली. पाल चुकचुकली तरी दचकणारी पोर ती!

चौकट बसवली होती महाराजांच्या आजोबांनी, आणि दफ्तरातले माप होते त्यांच्याच हाताचे. आजोबा चांगलेच बुटके. रणधवल महाराज मात्र ताडमाड! गेल्या दसऱ्याला त्यांनी फर्मान काढले होते, की आमच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढे भरेल, तोच यापुढे राज्याचा हात. तशा पितळी पट्ट्याही वाटल्या होत्या, आणि बाळोबाने दार त्याच पट्टीने बेतले होते. झाले! हातामागे एक बोट वाढले, पाच हातांत पाच बोटे. बाळोबा चौकट मोजायला आला होता खरा, पण पहारेकऱ्याने त्याला हाकलून दिले होते. "दफ्तर असताना मोजतोस? विश्वास नाही होय?"

तेवढ्यात महाराजच आले. "बाळोबा, बघत काय बसलास? बसव की दार!"

"महाराज, पाच बोटं उंच झालंय. जरा करवत लावली तर..."

"करवत? म्हणजे आमचं माप चुकलं?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "दार पाच हात, चौकटही पाच हात. मग बसत कसं नाही? दाराची एक ढलपी काढायची नाही, चौकटीवर ओरखडा उठायला नको. जेवणवेळेच्या आत ही वाट पक्की बंद झाली पाहिजे. नाहीतर तुझी सगळी हत्यारं जप्त!"

बाळोबा मटकन खाली बसला. त्याचा रंधा, पटाशी, करवत, सगळी आज्याच्या हातची. तीच गेली तर सुताराने करायचे काय?

गोजरा दाराआड सरकली होती. जीभ मात्र तिला न विचारताच चालू लागली.

"बसवते, महाराज! पण फट राहिली की नाही, ते आतून बघावं लागतं. तुमच्याइतकी बारीक नजर आणखी कुणाची?"

महाराज खूश झाले आणि ऐटीत आत गेले. महालाला दार एकच, बाकी दगडी जाळ्या. गोजराने खूण केली. चार गड्यांनी दार उचलून बाहेरूनच चौकटीवर टेकवले आणि दोन वाशांचे टेकू दिले.

"शाबास! कवडसाही येत नाही!" आतून आवाज आला. "आता उघड."

"उघडायचं कसं, महाराज? चौकटीत बसल्याशिवाय बिजागऱ्या कुठे ठोकू? हुकूम वाट बंद करायचा होता. झाली बंद!"

"मग टेकू काढा!"

"काढते की! पण वाट पुन्हा उघडी पडेल. तुमचा हुकूम तुम्हीच मोडलात, असं होईल."

आत येरझाऱ्यांचा आवाज. मग गुरगुर. "खबरदार, कुणी टेकूला हात लावाल तर!"

गोजरा दचकून दोन पावले मागे सरली. एवढ्यात आमरसपुरीचे ताट घेऊन दिवाणजी आले. ताट बाहेर आणि महाराज आत!

"दिवाणजी," गोजरा हळूच म्हणाली, "जाळीतून द्या ना."

दिवाणजींनी पुरी जाळीला लावली. पुरी टम्म फुगलेली, जाळीचे भोक पानाच्या विड्याएवढे.

"महाराज, जात नाही हो!"

"जात नाही काय? तुकडे करा! पुरीसाठी जाळी मोठी होणार आहे का?"

गोजरा जाळीजवळ सरकली.

"महाराज, पुरी तुमच्याच मुदपाकखान्यातली ना? मग तुकडे कशाला? माप चुकलं की काय आचाऱ्याचं?"

 पहारेकऱ्याने जीभ चावली. आतून हूं नाही की चूं नाही.

"महाराज?"

गोजराने जाळीवर टकटक केले.

"महाराज, पुऱ्या बसतायत हो!"

 बाळोबाने डोळे मिटून घेतले. गोजरा दाराजवळ गेली. कान लाकडाला लावला आणि रडवेल्या आवाजात तिसऱ्यांदा हाक मारली. "महाराज, पुरी चुकली नाही, जाळीही चुकली नाही. तसंच या दाराचं नि चौकटीचं. करवत लावू?"

आधी खुदखुद ऐकू आली. मग महालाच्या भिंती हादरतील असे खो खो हसू!

"लाव गं बाई, लाव करवत! आजोबांच्या चौकटीला आजोबांचाच हात खरा! बाळोबा, तुझी हत्यारं तुझीच, आणि यापुढे महालातलं सगळं सुतारकामही तुझंच. पण माप घ्यायला या पोरीला पाठव. कुणी अडवलं तर मला सांगायचं! आणि दिवाणजी, ऐकताय ना? तिच्यासाठीही ताट मागवा. तोवर त्या पुरीचे तुकडे करा आधी!"